आधी पालथं घाल

"आधी पालथं घाल, मग बोल."

चांदीची कुठलीही वस्तू दाखवली की आत्याचं पहिलं वाक्य हे. वस्तू सुंदर आहे का, कुणी दिली, कधी दिली, ते सगळं नंतर. आधी तिचा तळ. आणि आपण पालथी घालेपर्यंत तिला दम कुठला! ती स्वतःच हात पुढे करून घालायची. आत काही आहे का, हे आधी बघायची रीत तिच्याकडे नव्हती.

आमच्या सोसायटीच्या चेअरमनबाईंच्या हळदीकुंकवाला हे आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या सासूबाईंची गुलाबदाणी काठोकाठ भरलेली, झाकण जरा सैल. आत्याने ती उचलली, "बघू का गं?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत पालथी केली. नेमक्या तेव्हाच चेअरमनबाई अत्तर लावायला वाकल्या होत्या. सगळं गुलाबपाणी पैठणीवर. आत्याच्या डोळ्याला भिंग लागलेलं होतं. "नगरचाच सराफ हाय," ती म्हणाली, "पर ठशाचा पंच झिजलेला. हे बघा, 'ग'चा पाय लंगडतोय. म्हातारपणी घडवलीय त्यानं."

"आत्या, माझी पैठणी!"

"ती वाळंल."

तुमच्या घरात जुनी चांदी असेल तर उठून बघा. तळाला नाहीतर कडेला एक बारीक ठसा असतो. घडवणाऱ्याच्या नावाची अक्षरं, कुणाचं कमळ, कुणाची नुसती चांदणी. आपण जन्मभर ते भांडं घासतो आणि ठशाकडे ढुंकून बघत नाही. आत्या बाकीच्या भांड्याकडे ढुंकून बघायची नाही.

खोड लागली ती नोकरीत. आम्ही दोघी नागापूरच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात होतो. मी स्टोअरला, ती इन्स्पेक्शनला. गाड्यांचे सुटे भाग यायचे, ती एकेक उचलायची, पालथा करायची, त्यावरचा नंबर भिंगातून बघायची आणि पुढे सरकवायची. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी विचारलं, घड्याळ देऊ की शाल? ही म्हणाली, भिंग द्या. मग ते भिंग काळ्या दोऱ्यात ओवून तिने गळ्यात घातलं. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे लांबून बघणाऱ्यांचा फार गोंधळ व्हायचा. तिला त्याचं काही नव्हतं.

सोसायटीत ती भाच्याकडे राहायची, आमच्या शेजारी. तो आत्या म्हणायचा म्हणून आम्ही सगळेच म्हणायला लागलो. चेअरमनबाई वयाने तिच्याहून मोठ्या, त्यासुद्धा आत्याच म्हणायच्या, फक्त जरा दात आवळून.

शेवगावला माझ्या पुतणीचं लग्न होतं. मीच हिला बरोबर नेलं, आता बोलणार कुणाला! नवऱ्या मुलाला चांदीचं ताट वाढलेलं. वरण-भात, जिलबी, मठ्ठा, सगळं जागच्या जागी. आत्याने बराच वेळ स्वतःला आवरलं, हे मी साक्षीदार म्हणून सांगते. मग तिची जागा रिकामी दिसली. टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले, जरीचा काठ, आणि आतून आवाज, "जावईबापू, ताट जरा कडंला सरकवून वर उचला. हां. अजून."

गरीब बिचारा जावई! पहिल्याच दिवशी सासरच्या माणसाला नाही कसं म्हणणार? त्याने उचललं. मठ्ठ्याची वाटी घसरली ती थेट आत्याच्या डोक्यावर.

मुलाचे चुलते धावत आले. "ह्या बाई खाली काय हुडकत्यात? काय हाय ताटाखाली?"

"सराफ हाय," आतून आत्या म्हणाली. "संगमनेरचा."

चुलत्यांनी खाली वाकून खरंच सराफ दिसतोय का ते बघितलं. मी मांडवाबाहेर जाऊन उभी राहिले. हसू की रडू ते कळेना.

पण तुम्ही म्हणाल, ही बाई एवढं काय शोधत होती? तेच सांगते.

आत्याकडे स्वतःची एकच चांदीची वस्तू होती. लहान मुलाला उष्टावणाला देतात तसली पातळ, छोटी वाटी. तिच्या तळाला ठसा नव्हता. कडेला मात्र बाहेरच्या अंगाने चार बारीक खळगे होते, किंचित बाकदार, चंद्रकोरीसारखे. आणि त्याच जागी आतल्या अंगाने आणखी तीन. हा ठसा आत्याला कुठेच सापडत नव्हता. नगरच्या सराफ बाजारातल्या एकाने सांगितलं, चंद्रकोर म्हणजे निजामाकडचं काम. दुसरा म्हणाला, छे, हे पेशवाईतलं. आत्याचं स्वतःचं मत ठाम होतं. "आतून-बाहेरून ठसा मारनारा कारागीर साधा न्हाई. नक्कल हू नये म्हनून केलंय त्यानं. लई हुशार मानूस."

मला पहिल्यांदा वाटी दाखवली तेव्हा मी सरळ म्हटलं होतं, "आत्या, हे पोचे आहेत. कुठेतरी आपटलीय." बाईसाहेब माझ्याशी दोन आठवडे बोलल्या नाहीत. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा मोकळी ठेवून उभ्याने प्रवास!

अबोला सुटला तेव्हा तिने कारण सांगितलं. ती दोन वर्षांची असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. त्यानंतर घरात आजोळचं नाव निघालं नाही, आजोळहून कुणी आलंही नाही. विचारायचं वय झालं तोवर सांगणारी माणसं गेली. आजोळ नदीकाठी होतं, एवढंच तिच्या कानावर होतं. आणि उष्टावणाची वाटी आपल्याकडे आजोळहून येते.

"सराफ कळला की गाव कळंल," ती म्हणाली. "गाव कळलं की कुनीतरी म्हनंल, व्हय, ती आमचीच पोर. आईचा फोटोसुदिक न्हाई गं माझ्याकडं. ही वाटीच हाय."

पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर पुणतांब्याच्या एसटीत बसले. गोदाकाठचं गाव, आणि तिथल्या एका गुरुजींकडे देवाची जुनी चांदी आहे, अशी बातमी होती.

गुरुजी सज्जन, पण कडक. "देवाला पालथं घालायचं नाही!"

"देवाला नको हो, त्येंच्या सिंहासनाला."

"देव बसलेत त्यावर."

"मग उठत्यात कवा?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. देव उठतात ते अंघोळीला, सकाळी. म्हणून त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही पहाटेच्या पहिल्या गाडीने हजर! देव ताम्हणात गेले, गुरुजींनी रुद्र सुरू केला, आणि रिकामं सिंहासन आत्याने उचललं. मंत्र मोडून बोलणं शक्य नव्हतं, म्हणून गुरुजींनी आवाज चढवला. आत्याने तबक उलटं केलं, आवाज आणखी चढला. घंटा, पळी, निरांजन, करत करत शेवटी गुरुजींचा घसा बसला. कुंकवाच्या करंड्याचं झाकण लागलेलं नव्हतं, ते सांगत नाही. गुरुजींच्या पत्नी तेवढ्या भारावल्या होत्या. "आज रुद्र किती रंगला," म्हणाल्या आणि आम्हाला दोन-दोन लाडू जास्त दिले.

"पैठणचं काम हाय," बाहेर आल्यावर आत्या म्हणाली. "माझं न्हाई." मग घाटाच्या पायरीवर ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली. मी माझे लाडू खाल्ले. तिचेही खाल्ले, कारण ती खात नव्हती. मला त्या दिवशी त्या न दिसलेल्या आजोळाचा भयंकर राग आला. एकदा तरी येऊन पोरीला बघून जायचं होतं, मेल्यांनी!

अशी वर्षं गेली. आत्याने अख्खा जिल्हा पालथा घातला. ठसा काही जुळेना.

मग माझी नात झाली. दीड वर्षाची होईतो तिने घरातलं सगळं चावून संपवलं. रिमोट, आजोबांची चप्पल, सोसायटीच्या मीटिंगची नोटीस. खायचं मात्र नाव नाही. एका दुपारी वरण-भाताचा घास घेऊन मी तिच्यामागे पळत होते, तेवढ्यात आत्या आली. म्हणाली, "स्टीलमधनं काय भरवतेस? चांदीतनं खाती का न्हाई बघ." आणि जाऊन ती वाटी घेऊन आली. जिला ती कुणाला हात लावू देत नसे, ती वाटी!

पोरीने खाल्लं की हो! चार घास निमूट खाल्ले. पाचव्याला घास सोडून वाटीच्या कडेलाच कडकडून दात रोवले.

"सोड! अगं बये, सोड! ठसा बिघडंल!" आत्या इकडून ओढतेय, पोर तिकडून गुरगुरतेय. मी नाक दाबलं तेव्हा कुठे कार्टीने तोंड उघडलं. वरण-भात आत्याच्या भिंगावर.

आत्याने भिंग पदराला पुसलं, डोळ्याला लावलं आणि कड बघितली. बघतच राहिली. मी घाबरले. वाटलं, गेला ठसा, आता ही जन्मात माझ्याशी बोलत नाही.

"आ कर," ती नातीला म्हणाली.

पोरीने आ केला. आत्याने तिच्या तोंडात भिंगातून पाहिलं. वरचे दात, खालचे दात. नीट, सावकाश, कारखान्यात नंबर तपासायची तसे. मग वाटी माझ्या हातात दिली. जुन्या चंद्रकोरीशेजारी एक नवी चंद्रकोर होती. बाहेरून चार खळगे, आतून तीन.

मी हसायला लागले. मला आवरेना. निजाम काय, पेशवाई काय, लई हुशार कारागीर काय! आत्याही हसली. हसता हसता खाली फरशीवर बसली आणि मग तिचं हसू थांबलं.

"म्हंजी मीच चावले हुते गं."

"तूच."

"खाताना."

"मग काय!"

तिने वाटी एका बाजूने चिमटीत धरली आणि ठशाची कड स्वतःच्या तोंडाकडे केली. "म्हंजी ह्या बाजूला आई हुती," ती म्हणाली. "तिच्या हातात हुती वाटी. ती पन अशीच म्हनली असंल, सोड, बये, सोड."

मी तिथेच तिच्याशेजारी बसले आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या भोकाड पसरून रडलो. नातीला ते फार आवडलं. तिने टाळ्या वाजवल्या.

आजोळ काही सापडलं नाही. आत्याने नंतर शोधलंही नाही. पालथं घालणं मात्र सुटलं नाही, उलट आता नातीला शागीर्द केलं. दोघी मिळून माझ्या स्वयंपाकघरातलं एकेक भांडं उलटं करत बसायच्या.

गेल्या थंडीत आत्या गेली. दुपारी जेवून पडली ती उठली नाही. चार दिवसांनी भाचा वाटी घेऊन आला. "ही तुमच्या चिमणीला द्यायला सांगितलं होतं," म्हणाला.

वाटी काळी पडली होती, म्हणून उजळायला सराफ बाजारात नेली. दुकानदाराने फिरवून बघितली. "काकू, कडेला दोन ठिकाणी पोचे आहेत. काढून देतो, नव्यासारखी होईल."

"हात तर लावून बघ!"

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. वाटी त्याच्या हातातून हिसकावून मी तशीच काळी घरी आणली. चिंच लावून स्वतः घासली, कड सोडून.

संध्याकाळी त्यात खीर घातली आणि नातीपुढे ठेवली. तिने वाटी दोन्ही हातांनी उचलली, माझ्याकडे गंभीरपणे बघितलं आणि पालथी घातली. खीर सगळी फरशीवर. ती एक डोळा मिटून तळ बघत होती.

मी फडकं आणलं आणि फरशी पुसली. पुसता पुसता आत्याला पोटभर शिव्या दिल्या.