भावाला कडेवर घेऊन शाळा

माझ्या भावासाठी वडिलांनी तीन शाळा पायी फिरून पाहिल्या. माझ्यासाठी एकही नाही. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतं, आणि ते थंड करावं असं मला अजिबात वाटत नाही. झालं गेलं विसरून जा, असं सांगणाऱ्यांचं सहसा काही गेलेलं नसतं.

आम्ही जेऊरकडचे, मेंढरं राखणारी माणसं. एका वर्षी चारा-पाणी आटलं, वडिलांनी कळप विकला आणि ते सोलापुरात मिलमध्ये लागले. भवानी पेठेत एका तेलुगू विणकराच्या घरामागची खोली मिळाली. मी तेव्हा सात वर्षांची होते, भाऊ सहा महिन्यांचा. थोड्याच दिवसांत आईलाही मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात काम मिळालं. मग दिवसभर पोराला कोण बघणार, असा प्रश्न निघाला. खरं तर तो प्रश्न नव्हताच. दोघांनीही माझ्याकडे बघितलं होतं.

पण गाव सोडताना आईने मला शब्द दिला होता. शहरात पोरींची शाळा असते, तुला तिथे घालीन, असा. त्या शब्दावर मी माझं लाडकं करडू मामाच्या दावणीला सोडून मुकाट्याने आगगाडीत बसले होते. म्हणून मी हट्ट धरला. जेवले नाही. भावाला घ्यायला हात पुढे केले नाहीत. वडिलांनी दोन ठेवून दिल्या, तरी नाही.

आमच्या मिलला बायकांचे हात हवे होते, त्यांची पोरं नको होती. पाळणाघर वगैरे काही नव्हतं. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी मिलमधल्या बायकांची पोरं सांभाळायची, तिच्याकडे आई मला आणि भावाला घेऊन गेली. खोलीत पोरं ओळीने निजवलेली. भर सकाळी सगळी गाढ झोपेत. एकाच्या ओठावर माशी बसली होती आणि त्याला ती कळत नव्हती. म्हातारीने कनवटीची डबी काढून दाखवली. आत मोहरीएवढ्या काळ्या गोळ्या. अफूच्या.

"एक चाटवली की सांजच्या भोंग्यापतुर बघाया नगं," ती म्हणाली. "समद्याच देत्यात. पोर गुटगुटीत ऱ्हातंय."

त्यातलं एकही पोर गुटगुटीत नव्हतं. आईने भावाला पदराखाली घेतलं आणि तिथून निघाली. रस्त्यात दोनदा थांबून तिने पदर वर करून भाऊ जागा आहे ना ते पाहिलं. तेवढं मी तिच्या बाजूने सांगते. ते सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी आईने खाडा केला आणि आम्ही मुलींच्या शाळेत गेलो. तिथल्या मोठ्या बाई इस्त्रीच्या पातळात बसल्या होत्या. आईने सगळं सांगितलं. मी भावाला घेऊन वर्गात बसेन, तो रडका नाही, असंही सांगितलं. बाईंनी आधी भावाकडे पाहिलं, मग आईच्या पायांकडे.

"मुलीचं नाव घालते," त्या म्हणाल्या. "पण तान्हं मूल वर्गात चालायचं नाही. ही शाळा आहे, बाई."

आई "बरं" म्हणाली आणि वळली. एवढंच. मी तिचा पदर ओढत होते.

शेवटी वाट काढली ती घरमालकिणीने. ती मागावर बसायची आणि तिला मराठीचे चार शब्द यायचे. ती म्हणाली, "आमचा पंतुलुकडं घाल की. तितं समदा पोरी लेकरू घेऊनच येतात." पंतुलु म्हणजे त्यांचे मास्तर. विणकरांच्या पोरांसाठी त्यांनी आपल्या घराच्या पडवीत शाळा काढली होती. विणकराच्या घरात आई मागावर, बाप मागावर, म्हणजे धाकटं भावंड थोरलीच्या कडेवर. ते घेऊ नको म्हटलं असतं तर पंतुलूंच्या शाळेत एक मुलगी आली नसती. म्हणून त्यांनी पडवीच्या वाशांना लुगड्यांच्या झोळ्या बांधू दिल्या होत्या. झोळीची दोरी आपल्या पायाच्या अंगठ्याला बांधायची, पाटी मांडीवर घ्यायची आणि पाय हलवत अक्षरं गिरवायची. सगळ्या पोरींचे पाय एकदम हलत असत.

वडील म्हणाले, "पोर सांबाळलं जातंय न्हवं? मग बसू दे कुटं बी."

कुटं बी! मला तेलुगूचं एक अक्षर कळत नव्हतं. पंतुलु काय म्हणतात ते शेजारच्या मुलीच्या पाटीवर बघून ओळखायचं. पुढे शिकले. विणकरांच्या मुलींसारखी वाचायला लागले, हिशेबही त्याच भाषेत करायला लागले. घरी मराठी बोलायची आणि मराठीचं एक पानही वाचता यायचं नाही, असं माझं चाललं होतं. पंतुलूंवर माझा राग नाही. त्यांनी मला बसू दिलं. पण शाळा निवडली ती झोळीसाठी, माझ्यासाठी नव्हे, हे मला सातव्या वर्षीच कळलं होतं. मुलांना काही कळत नाही असं मोठ्यांना वाटतं, ते त्यांच्या सोयीचं असतं.

अशी पाच वर्षं गेली. भाऊ शाळेच्या वयाचा झाला आणि वडिलांच्या अंगात काय आलं कोण जाणे. पाळी सुटली की ते शाळा बघत फिरू लागले. कळप बसवायची जागा बघावी तशी त्यांनी प्रत्येक शाळा बघितली. सावली किती वाजता येते, कुंपण धड आहे का, कुत्री फिरतात का. प्रत्येक शाळेतलं पाणी स्वतः पिऊन पाहिलं. एक शाळा पाणी मचूळ म्हणून नापास केली! मास्तर काय शिकवतात हे त्यांनी कुठेच विचारलं नाही, पण विचारायचं असतं हे त्या माणसाला ठाऊक तरी कुठे होतं. तिसरी शाळा त्यांना पसंत पडली. तिथे लिंबाचं झाड होतं, पाणी गोड होतं.

भावाला नवी टोपी आणली. पाटीची पूजा झाली, मास्तरांना नारळ झाला, पोरांना पेढे वाटले. मी पेढ्यांचं ताट धरून उभी होते. घरी आल्यावर मी पंतुलूंकडे जायला रोजच्यासारखी माझी पाटी घेतली, तर वडील म्हणाले, "आता तुजं काय काम हाय तितं? ल्योक गेला की शाळंत. तू घर बघ. औंदा तुज्या लग्नासाटी ठिकाणबी बघायचंय."

मी पाटी उंबऱ्यावर आपटली. तिचे तुकडे झाले. वडील मारायला उठले, तर आई मध्ये आली. तिने तुकडे गोळा केले आणि वडिलांना भाकरी वाढली.

सकाळी भोंगा झाला. आई उठली नाही. वडील म्हणाले, "अगं, खाडा व्हतोय." ती म्हणाली, "व्हऊ द्या." मग तिने माझी वेणी घातली, घट्ट, डोळ्यांत पाणी येईल इतकी, आणि मला मुलींच्या शाळेत नेलं. बाई त्याच होत्या. आता चष्मा लागला होता.

"एवढी मोठी झाल्यावर आणलीत?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं काय करत होती ही?"

"पोर सांबाळत हुती," आई म्हणाली. "तुमी घेतली न्हाय म्हणून. तिला मराठी वाचाया येत न्हाय. आता घ्या."

"मराठी अक्षरओळख नाही म्हणता. मग हिला अगदी लहान मुलींत—"

"बसंल. पण घ्या. न्हाय घेतलं तर मी हितनं हालत न्हाय." आणि माझी आई दारात, अगदी मधोमध, मांडी घालून बसली. शिपाई आला, त्याने दरडावलं. दोन मास्तरीणबाई तिला ओलांडून जाता येईना म्हणून बाहेर खोळंबल्या. आई खाली बघत बसून राहिली. बाईंनी मग हताश होऊन दौत पुढे ओढली आणि माझं नाव घातलं. एवढ्याशा वेळात झालं सगळं.

मी पाच-सहा वर्षांच्या मुलींमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले. त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. मला आनंद झाला होता, नाही कशाला म्हणू? पण त्याहून मोठा राग आला होता, आणि तो बाईंवरचा नव्हता, वडिलांवरचाही नव्हता. दारात असं बसायला आईला कुणी शिकवलं नव्हतं. तिला ते येतच होतं. मग मी सात वर्षांची असताना ती का नाही बसली?