रिपीटमधला बैल

"बेन, ये तो मरेगा," शेठ स्क्रीनवरच्या बैलावर बोट टेकवून म्हणाले.

मी म्हटलं, हो, मरणारच आहे. स्पेनमधल्या जुन्या छापचित्रांवरून घेतलाय. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायच्या, शाई भरायची, कागद दाबायचा, अशी ती चित्रं.

पर्वत पाटियाजवळच्या आमच्या ऑफिसात मी कापडाच्या प्रिंटची डिझाइन्स करते. प्रोबेशन संपत आलं होतं आणि तोवर मी फक्त दुसऱ्यांच्या बुट्ट्यांचे रंग बदलले होते. शर्टाचं हे पहिलंच माझं स्वतःचं डिझाइन. ते नापास झालं तर मीही.

एरवी मी ऑफिसात फार बोलत नाही. त्या दिवशी बोलले. बैलाशी झुंजून त्याला मारायचा हा खेळ आधी घोड्यावरच्या सरदारांचा होता, नंतर जमिनीवर उतरलेल्या गरिबाचा झाला. जीव त्याचा, मजा सावलीत बसलेल्यांची. म्हणून चित्रात गर्दीला चेहरेच नाहीत, नुसता काळा डाग.

"पब्लिक रहने दो," शेठ म्हणाले. "तलवार निकालो. बैल मरा तो बा मुझे घर में नहीं लेगी." बा म्हणजे त्यांची आई.

तलवार काढली. उरला कापड पसरून उभा माणूस आणि त्या कापडाखालून पुढे निसटलेला बैल. तलवारीच्या जागी भोक पडलं. छापताना एकच चौकोन शेजारी शेजारी लागत जातो, त्याला रिपीट म्हणतात. भोक झाकायला मी पुढचा चौकोन जवळ ओढला आणि अख्खं रिपीट न बघताच फाइल मिलला पाठवली.

सॅम्पल उघडलं ते थेट पार्टीसमोर. पार्टी म्हणजे जळगावचे घाऊक व्यापारी, पिकलेल्या मिशांचे काका. प्रत्येक बैलाचं शिंग पुढच्या माणसाच्या पार्श्वभागात. मीटरभर कापडात एकही सुटला नव्हता.

मी मनातल्या मनात बुट्ट्यांकडे परत निघाले.

काकांनी चष्मा पुसला. "पोरी, हा तर आमचा सेल्समन. साडी पसरून दाखवली, गिऱ्हाईक पुढे निघून गेलं, आणि मागून शेठ."

हसायच्या आधी सगळ्यांनी शेठकडे पाहिलं. मग शेठच हसले.

काकांनी दिवाळीला दुकानातल्या सगळ्या सेल्समनना याच कापडाचे शर्ट शिवले. मी कन्फर्म झाले. शेठची सूचना एकच होती, शिंग हलवायचं नाही.

तेव्हापासून एका चौकोनावरून कोण जिंकलं ते मी ठरवत नाही. अख्खं रिपीट लावून बघते, कोणाच्या मागे कोण आहे ते.