अर्ध्या आट्याची फियाट

हडपसरला गाडीतळाच्या मागे मच्छिंद्रचं गॅरेज होतं आणि त्याच्या दारावर एक पाटी होती: "गाडी कधी होणार हे विचारू नये. झाल्यावर दिसेल." पाटी शनिवार पेठेतल्या एका पेंटरने रंगवली होती. मच्छिंद्रने मजकूर सांगितला होता तो फक्त "उद्या चौकशी करावी" एवढाच. पेंटरने तो वाचला, चष्म्यावरून मच्छिंद्रकडे पाहिलं आणि पदरचा मजकूर घालून दिला. त्यामुळे पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक भांडायच्या तयारीनं आत शिरायचं आणि समोर भेटायचा हा गरीब गाय माणूस, हातात ग्रीसचा डबा घेऊन "बसा की, चा घेनार?" म्हणणारा.

तिघा भावांत हा मधला. थोरल्या आणि धाकट्याने आपल्या वाटणीचं रान बिल्डरला दिलं. आजोबांचा ऊस जिथे उभा असायचा तिथे काचेची इमारत उभी राहिली, आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरी तिच्यात दिवसभर काय करतात हे गावात कुणालाच नीट सांगता येईना. दोघा भावांनी जमीन देऊन गाड्या घेतल्या. मच्छिंद्रने लोकांच्या गाड्यांसाठी तीन गुंठे जमीन राखून ठेवली. भाऊ त्याला मनातल्या मनात खुळा समजत. बायको मथुराबाई मनात काही ठेवत नसे.

या खुळ्या माणसाची कामाची एक रीत होती. कुठलाही नट तो आधी नुसत्या हाताने फिरवून बसवायचा. मग पाना लावून आवळायचा. आणि आवळून झाल्यावर ब्रशच्या टोकाने त्या नटाला पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. याला तो 'हळद लावणं' म्हणे. हळद लागली म्हणजे नट कामाला लागला. हळद नसलेल्या नटाची गाडी दाराबाहेर जायची नाही. तीस वर्षांत त्याच्या हातची एकही गाडी त्याच्या चुकीने परत आली नव्हती. ही फुशारकी तो स्वतः कधी मारत नसे. ते खातं मथुराबाईंकडे होतं.

२००६च्या फेब्रुवारीत टेम्पोच्या मागे दोर बांधून एक फियाट आली. चौऱ्याहत्तरची, कधीकाळी पांढरी. खालचा पत्रा इतका गंजलेला, की आत बसून रस्ता बघता यावा. तिच्याबरोबर आला अभिनव वानखडे. मूळचा अमरावतीचा, काचेच्या इमारतीतला इंजिनिअर, सव्वीस वर्षांचा.

"बाबांची आहे, काका," तो म्हणाला. "त्यांनी जन्मात चाळीसच्या वर नेली नाही. मला हिची रॅलीची गाडी करायची आहे. दिवाळीनंतर हौशी लोकांची एक रॅली आहे, जुन्या गाड्यांची. फुल रॅली लुक नाही, फुल रॅली."

मच्छिंद्रने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"मागची सीट?"

"काढायची."

"मग मागं बसनार कोन?"

"कोणी नाही. तिथे रोल केज येईल. पाइपचा पिंजरा. गाडी उलटली तरी माणूस वाचतो."

"उलटायची कशाला पन?"

यावर अभिनव मनापासून हसला आणि म्हणाला, "काका, चहाला चालता का?"

"चा चालतो की," मच्छिंद्र म्हणाला. "कापी न्हाई चालत. पित्त हुतं."

अभिनव टपरीकडे निघाला, मच्छिंद्र जागचा हलेना. दोन मिनिटांनी पोरगा परत आला. "अहो, येता ना?" तेव्हा कुठे उलगडा झाला, की अमरावतीकडे 'चालता का' म्हणजे 'बरोबर येता का'. हडपसरात 'चालतंय' म्हणजे हरकत नाही. आणि पुणे शहरात गाडी 'चालते' म्हणजे ती चालू स्थितीत आहे. मच्छिंद्रला या शोधाची इतकी गंमत वाटली, की पुढे चार महिने तो स्वतःच दर संध्याकाळी "काय साहेब, चालता का?" म्हणून पोराला टपरीवर न्यायचा. आणि पोरगं त्याला खूश करायला "चालतंय की!" म्हणायचं.

त्या चार महिन्यांत मच्छिंद्र दहा वर्षांनी तरुण झाला. खालचा पत्रा कापून नवा घातला. मागचे पाटे वाढवून गाडी चार बोटं उचलली. इंजिनच्या पोटाखाली जाड पत्र्याची ढाल ठोकली. पुढे चार गोल दिवे बसवले, तेव्हा मथुराबाई ओट्यावरून म्हणाल्या, "चार डोळे कशाला वो? दोन डोळ्यांनी दिसत न्हाई व्हय रस्ता?" पिंजरा मात्र मच्छिंद्रने स्वतःच्या हाताने जोडला, एकेक सांधा दोनदा वेल्डिंग करून. "उलटायची कशाला" हे त्याचं म्हणणं कायम होतं. पण उलटलीच, तर पोरगं आत आहे, हेही त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. मूलबाळ नसलेल्या माणसाला कुठे काय फुटेल सांगता येत नाही. मथुराबाई अभिनवच्या नावाने रोज एक भाकरी जास्त टाकायला लागल्या आणि "उरली तर कुत्र्याला" असं वर म्हणायच्या. कुत्र्याला कधी मिळाली नाही.

शेवटचं काम ब्रेकचं. जुन्या फियाटला चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच डब्यातून जातं. एक सांधा सुटला, की चारही गेले. मच्छिंद्रने सगळ्या नळ्या नव्या घातल्या. शनिवारी दुपारी शेवटचा नट हाताने बसवला, पाना लावला, आणि बाहेर हॉर्न वाजला. भाचीची हळद होती वाघोलीला, मेव्हणा गाडी घेऊन आला होता आणि त्याला आधीच उशीर झाला होता. "आवो, या की! पोरीला हळद लावून झाल्यावर पोचायचं का?" मथुराबाई ओट्यावरून हाका मारत होत्या. त्यांना कंबरेच्या दुखण्याने जाता येत नव्हतं, म्हणून त्या नवऱ्याला पाठवायला उतावीळ. अर्धा आटा, म्हणजे पान्याचा अर्धा फेरा, राहिला होता. मच्छिंद्रने पाना खाली ठेवला. सोमवारी आवळू, हळद लावू, असं म्हणून उठला.

रविवारी सकाळी अभिनवचा फोन आला तेव्हा वाघोलीच्या मांडवात कर्णा इतक्या जोरात चालू होता, की नवरीला आपलं रडू ऐकू येईना.

"काका, दिवेघाटात चालते का?" अभिनवने विचारलं. म्हणजे गाडी. शुद्ध पुणेरी अर्थाने.

मच्छिंद्रला कर्ण्यातून एवढंच आलं: दिवेघाट, चालता का. पोरगं बोलावतंय. गाडी झाली की पहिली फेरी दिवेघाटात दोघांनी मिळून मारायची, असं ठरलंच होतं. तो आनंदाने ओरडला, "चालतंय की!"

मच्छिंद्रने पोराची अमरावती ऐकली. पोराने मच्छिंद्रचं हडपसर ऐकलंच नाही, पुणं ऐकलं. दोघांची मराठी शुद्ध होती.

अभिनव गॅरेजवर गेला. "काकू, काकांनी सांगितलं, चालते." मथुराबाईंनी खुंटीवरची चावी काढून दिली, वर डब्यात दोन भाकरी आणि ठेचा घातला.

सपाट रस्त्याला ब्रेक उत्तम लागले. घाट चढताना ब्रेकची गरजच पडत नाही. उतरताना तिसऱ्या वळणावर पायाखालचा ब्रेक एकदम मऊ झाला आणि तळाला गेला. कठडा तोडून फियाट तीन वेळा उलटली. पिंजऱ्याचा एकही सांधा उकलला नाही. डॉक्टर म्हणाले, पिंजरा नसता तर माणूस हाती लागला नसता. कमरेखाली मात्र आता काही हलणार नाही. पिंजऱ्याने जीव राखला, नटाने पाय नेले. दोन्ही कामं एकाच हाताची.

पोलिसांच्या कागदावर पडलं: भरधाव वेग, वाहनावरील ताबा सुटला. शुद्धीवर आल्यावर अभिनवनेही तेच सांगितलं. "मीच घाबरलो. गाडी चांगली होती." गॅरेजवाल्याचं नाव कुणी विचारलं नाही.

मच्छिंद्र चौकीच्या आवारात गेला, हवालदाराला म्हणाला, "माझ्या हातची गाडी हाय, बघू द्या," आणि चेपलेल्या फियाटच्या खाली पाठीवर सरपटला. नट सुटून नळीच्या टोकाला लोंबत होता. आजूबाजूचे सगळे पिवळे. हा एकटा कोरा.

घरी आल्यावर त्याने मथुराबाईंना सांगितलं.

"चावी म्या दिली," त्या म्हणाल्या.

"फोनवर म्या सांगितलं. तुझा काय संबंध?"

"म्याच हाका मारून उठवलं तुमाला. माझा न्हाई तर कुनाचा?"

"नट माझा हाय, मथुरा! नट माझा हाय!"

तीस वर्षांच्या संसारात नवराबायको पहिल्यांदाच चूक आपल्याकडे ओढून घेण्यासाठी भांडली. ऐकणाऱ्याला हसू आलं असतं. ऐकायला कुणी नव्हतं, आणि शेवटी दोघांपैकी कुणीच जिंकलं नाही.

नंतरचे बारा दिवस मच्छिंद्र रोज सकाळी सोलापूर रस्त्यावरच्या हॉस्पिटलला जायचा आणि फाटकाशी उभं राहून परत यायचा. थोरल्या भावाला सुगावा लागला तेव्हा तो म्हणाला, "तू येडा हायेस का? कागदावर सगळं ठीक हाय. पोरगं सोता कबूल करतंय. तू कशाला तोंड उघडतोस? हातात बेड्या पडतील." सल्ला व्यवहाराचा होता. मच्छिंद्रला तो पटलाही. पण पटलेल्या गोष्टीने त्याला झोप येईना, आणि गॅरेजमध्ये पाना हातात घेतला की हात थांबायचा. तीन गिऱ्हाइकांना त्याने परत पाठवलं. त्यांना वाटलं, पाटीतच काहीतरी आणखी कडक लिहिलं असावं.

तेराव्या दिवशी तो आत गेला. व्हरांड्यातल्या बाकावर ज्ञानदेव वानखडे बसले होते, अभिनवचे वडील. गिरणीतून निवृत्त झालेला, धोतर-टोपीतला शांत माणूस. मच्छिंद्रने त्यांच्यापुढे उभं राहूनच सगळं सांगितलं. अर्धा आटा, हळद, कर्णा, 'चालता का', चावी. थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ज्ञानदेवांनी बाकावर सरकून जागा केली. मग म्हणाले, "बसा भाऊ."

मच्छिंद्र बसला नाही.

"मले तुमचा राग नाही आला, असं नाही म्हणत मी," ज्ञानदेव म्हणाले. "पण त्याले सांगू नका. तो दिवसभर एकच बोलते. काकानं गाडी कशी केली होती, पिंजरा कसा केला होता. तेवढंच एक चांगलं उरलं आहे त्याच्यापाशी. ते काढून घेऊ नका, बाप्पा. हात जोडतो."

आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाने आपल्याला हात जोडावेत, याने मच्छिंद्र आतून मोडला. त्याने मान डोलावली. सांगत नाही म्हणाला. ते म्हणताना त्याला खरंच वाटत होतं, की आपण सांगणार नाही.

आत अभिनव छताकडे बघत पडला होता. मच्छिंद्रला पाहून त्याने हसायचा प्रयत्न केला. गाल बुडाले होते.

"काका, सॉरी," तो म्हणाला. "तुमची गाडी घालवली मी."

मच्छिंद्र पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला.

"चार महिने काम केलं तुम्ही, आणि मला साधं वळण घेता आलं नाही. रोज रात्री तेच येतं डोळ्यांपुढे. मी तीनदा ब्रेक पंप केला, काका. मला वाटतं, मी पॅनिक होऊन दुसराच पेडल दाबत होतो. नाहीतर ब्रेक लागला असताच ना? बाबा म्हणायचे ते बरोबर होतं. माझ्या हातात गाडी द्यायलाच नको."

मच्छिंद्रने दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे ज्ञानदेवांची टोपी दिसत होती.

"ब्रेकच दाबत हुतास तू," तो म्हणाला.

"काय?"

"नट मोकळा हुता. मागच्या नळीचा, डब्यापाशी. म्याच ठेवला हुता. सोमवारी आवळनार हुतो. फोनवर मला वाटलं, तू मला संगं बोलावतोयस."

अभिनवच्या चेहऱ्यावर आधी राग आला नाही. आधी आला तो हिशोब, काचेच्या इमारतीत शिकलेला, एकेक पायरी मागे जाऊन तपासायचा.

"डब्यापाशी," तो हळू म्हणाला. "म्हणजे चारही गेले."

"चारी."

"मग पंप केला ते बरोबर होतं."

"बरूबर हुतं."

"गिअर खाली घेतला होता मी. दुसऱ्यात."

"घेतलेला दिसला मला. गाडी दुसऱ्यातच हाय अजून."

"हँडब्रेकपण ओढला होता."

"तार तुटस्तोवर वढलायस. तुझ्या जागी म्या असतो तर एवढं बी सुचलं नसतं."

अभिनवने डोळे मिटले आणि रडायला लागला, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा. मच्छिंद्र पुढे झाला, त्याने हात उचलला, पण तो ठेवावा कुठे हे त्याला कळेना. खांदा, कपाळ, चादर, कशावरही त्याचा हक्क राहिला नव्हता. मग अभिनवने बाहीने तोंड पुसलं आणि छताकडे बघूनच म्हणाला,

"काका, आता तुम्ही जा. परत येऊ नका."

"बरं."

"काकूंना सांगा, त्यांचा डबा माझ्याकडे राहिला आहे. बाबांच्या हाताने पाठवतो."

मच्छिंद्र बाहेर आला. ज्ञानदेव बाकावरून उठून उभे राहिले, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले. काही न बोलता ते त्याला वळसा घालून मुलाकडे आत गेले, आणि दार त्यांनी आतून लावून घेतलं. मच्छिंद्र मग, हवालदाराने लिहिलेल्या कागदावर त्या मोकळ्या नटाची अजून एक ओळ घालायची होती म्हणून, चौकीची वाट चालू लागला.