खंडेनवमीला आलेला फोन

धुळ्याला मी नोकरी केली ते कॉम्प्युटर सेंटर टेलिफोन एक्स्चेंजच्या भिंतीला लागून होतं. मालकांनी जागा मुद्दाम तिथे घेतली होती. तार जितकी आखूड तितकी भानगड कमी, असं ते म्हणत. कारखान्यांच्या मालाच्या याद्या आम्ही कॉम्प्युटरवर भरायचो आणि मोडेमवरून मुंबईला पाठवायचो. तिथून त्या समुद्राखालच्या केबलने परदेशात जात. मी तिथली ऑपरेटर. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मला घेतलं होतं, आणि दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडायचं.

ताई तेव्हा मस्कतला होती. दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली ती नेमकी खंडेनवमीची. जळगावजवळ पिंप्राळ्याला आमच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे भावजींकडे नंबर होता तो सेंटरचा. तुमच्याकडे दुपारचे बारा वाजले की फोन करतो, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणून आई सकाळच्या एस.टी.ने जळगावहून आली. आई मूळची साक्रीकडची. घाबरली की तिची भाषा थेट माहेरी, अहिराणीत जायची.

“आवाज समुद्राखालून येतो,” मी तिला सांगितलं.

“पानीमा भिजस नही का?”

“नाही. जाड वेष्टन असतं.”

“मंग बाराले निंघना ते आठे कधय येई?”

बाराला निघालेला आवाज इथे कधी पोचणार, या प्रश्नावर मी हसले, पण ती हसली नाही.

मालक कीबोर्डला कुंकू लावून, नारळ फोडून घरी गेले होते. साडेअकराला मी रिसीव्हर उचलून पाहिला. टोन नव्हता.

एक्स्चेंजच्या आवारात केबलचे जोड करणारे मिस्त्री बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. ते मुसलमान, पण दर खंडेनवमीला त्यांची पक्कड, चाकू, स्टोव्ह इतरांच्या हत्यारांबरोबर पाटावर मांडले जायचे. त्या दिवशीही मांडले होते, वर झेंडू वाहिलेला. वर्षभरात मी त्यांच्याशी मान हलवण्यापलीकडे बोलले नव्हते.

“चाचा, कृपया आमची लाइन बघता का?”

“कृपया? ते तर एस.टी.च्या पाटीवर लिहितात, बेटी.” ते हसले. “पावसानं तुमच्या भिंतीजवळच्या खड्ड्यातला जोड भिजलाय. तिकडचे सगळे फोन सकाळपासून बंद. उद्या सोनं वाटून झालं की तो जोड उघडतो.”

शेजारच्या क्लार्कने टोमणा मारला, “चाचा, तुम्हाला कशाला नवमी? उचला पक्कड.”

“नारळ तिच्यापुढेही फुटला ना, भाऊ? मग तिला एक दिवस सुट्टी नको? तुझी तर रोजच असते.”

एरवी मी ‘थँक यू’ म्हणून परत फिरले असते. फिरलेही होते. पण आई सेंटरच्या पायरीवर येऊन उभी होती, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मग मी चाचांना सगळं सांगितलं. दोन मुलं गेली ते, ऑपरेशनचं, बाराचं. माझ्या मोडक्या मराठीत, एका दमात. हे घराबाहेर मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते पाटाकडे बघत राहिले. मग उठले आणि आईला म्हणाले, “या अक्का.”

आत एका खोलीत भिंतभर तारांची टोकं होती. आमची तार इथपर्यंत जिवंत आहे, पुढचा जोड तेवढा मेलाय, असं म्हणत त्यांनी एक जुना काळा फोन काढला. त्याच्या वायरी दातांनी सोलल्या. आमच्या नंबरच्या टोकांवर त्या टेकवल्या, पण राहीनात. घट्ट बसवायला पक्कड हवी होती. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

“ह्यांची पूजा कुणी केलेली नाही,” म्हणाले, आणि दोन्ही हातांच्या चिमटीत ती टोकं दाबून धरली.

बारा वाजले. पाच, दहा मिनिटं वर गेली. टोकं डोक्याच्या उंचीवर होती, हात खाली घेता येत नव्हते.

“भाऊ, हात दुखतीन तुमना,” आई म्हणाली.

“ती केबल समुद्रात पडून असते, अक्का. तिला कोण विचारतं?”

अचानक त्यांचा खांदा उडाला. घंटेचा करंट बोटांत बसला होता. “आला!” ते ओरडले, तेव्हा कुठे फोन खणखणला. प्रत्येक घंटेला खांदा उडत होता, पण चिमटी सुटली नाही.

मी रिसीव्हर उचलला. “मुलगी झाली,” भावजी म्हणाले, “दोघी ठीक आहेत.” मी नुसतं ‘येस, येस’ म्हणत होते. मी रिसीव्हर स्टुलावर बसलेल्या आईला दिला.

आईने एकच विचारलं. “पोर रडनी का?”

तिकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. आईने पुन्हा विचारलं, “रडनी का ती?” मग ती नुसती ऐकत राहिली. चाचांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

थोड्या वेळाने तिने रिसीव्हर मांडीवर ठेवला आणि पदराने डोळे पुसले. “सोडा आते, भाऊ.”

“तिकडून ठेवला का?” चाचांनी मला विचारलं.

मी रिसीव्हर कानाला लावला. भावजी कुणाशी तरी बोलत होते, आणि त्यामागे एक बारीक, चिडलेलं रडू येत होतं.

“नाही,” मी म्हणाले.

चाचांनी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, आणि चिमटी तशीच दाबून धरली.