हडळीचं नाक
मेणबत्ती विझल्याचा वास आला की मला देवळीच्या जत्रेतला भुतांचा तंबू आठवतो. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं तेव्हाची गोष्ट, मी आठ-नऊ वर्षांची असेन. सिनेमातली भुतं मेणाची करून आणलीत, असं तंबूवाला बाहेर ओरडून सांगत होता आणि मी आत्याचा पदर घट्ट धरून होते. आत शिरलो तर तंबू उन्हाने तव्यासारखा तापलेला, आणि पहिल्याच हडळीचं नाक वितळून हनुवटीवर आलेलं. लोक घाबरायचं सोडून हसत होते, तंबूवाला रडकुंडीला आला होता. आत्या दर भाद्रपदात आमच्या गल्लीतल्या पोरींना पुजायला मातीची भुलाबाई, म्हणजे पार्वती, घडवून द्यायची, तिला हे बघवेना. "सरक भाऊ, असं नाक असल्यावर लोक कायले भेतीन? मले वाटीभर पाणी दे," म्हणत तिने पदर खोचला. ओल्या बोटांनी मेण वर सारलं, नाक बसवलं, ओठ नीट केले. पण त्या बोटांना एकच चेहरा ठाऊक. थोड्या वेळाने सुळे असलेली भुलाबाईच आमच्याकडे बघून गोड हसत होती. तंबूवाल्याने कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही तं हडळीची देवी करून ठेवली. आता हिले कोण भेईन?" आत्या हात पुसत म्हणाली, "भेत नाई तं नाई. पाया तं पडतीन." आणि खरंच, आम्ही परत निघेपर्यंत हडळीच्या पायाशी कोणीतरी हळदकुंकू वाहून गेलं होतं. अजूनही टीव्हीवर हडळ आली की नातवंडं पांघरुणात शिरतात, आणि मी तिचं नाक नीट बसलंय का ते बघते.