साडेबारा वजा अडीच

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीसमोर संघमित्रा मेश्राम अठरा वर्षं हिंदी अर्ज टाइप करत आली. नजर कागदावर, बोटं कळांवर. पडद्याकडे बघायची तिला गरजच पडत नसे. पण आता लोक मोबाइलवरूनच अर्ज भरू लागले आणि गिऱ्हाईक आटलं. एका कार्यालयात ऑपरेटरची जागा निघाली होती, त्यासाठी कॉम्प्युटरचा डिप्लोमा हवा होता. चाळिशी ओलांडलेली संघमित्रा मुकाट्याने पोरींच्या वर्गात जाऊन बसली.

शेवटचं प्रॅक्टिकल म्हणजे एक छोटासा कॅल्क्युलेटर. त्याला ना बटणं, ना चित्रं. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा की खाली उत्तर. वर अट अशी, की तो विंडोजवरही चालला पाहिजे आणि लिनक्सवरही. इंग्रजी टायपिंगची सवय नाही, म्हणून एकेक कळ शोधत तिने तो लिहून काढला. दोन्हीकडे बिल्ड झाला, म्हणजे चालवण्याजोगा तयार झाला. आकडे मात्र सवयीचे, म्हणून मग तिने वहीत पाहून पहिलं उदाहरण भराभर टाइप केलं, साडेबारा वजा अडीच. उत्तर आलं सात, आणि खाली तक्रार, की असला हुकूम आपल्याला ठाऊक नाही.

सेटिंगच्या फाइलमध्ये दशांशाची खूण बदलली, सात. सगळं पुसून पुन्हा बिल्ड केलं, सात. विंडोज सोडून लिनक्सवर गेली, तिथेही मेलं सातच! आठ दिवस हा छळ चालला. प्रॅक्टिकल उद्यावर आलं आणि नापास झाली तर जागा हातची जाणार.

नवरा भोजराज वारासिवनीच्या राइस मिलमध्ये कामाला. रविवार म्हणून घरी होता.

"हे मशीन मले जाणूनबुजून सतावून राह्यलं!" ती कडाडली.

"सरक, मी पाह्यतो." त्याने वही घेतली आणि एकाच बोटाने कळा शोधू लागला. "बारा... टिंब कुठं हाय? हौ, सापडलं."

उत्तर आलं दहा.

"काहून? काय केलं तुमी?"

"काई नाई. जे लिव्हलं हाय तेच मारलं."

तिने तीच ओळ पुन्हा टाइप केली, पण या खेपेला आपल्या बोटांकडे बघत. वजा आलं की बोट सातच्या कळेवरच्या '&' या चिन्हाकडे धावे, टिंब आलं की वजाच्या कळेकडे. हिंदीच्या कृतिदेव फॉन्टमध्ये ती तिथेच असतात! म्हणजे साडेबाराचं तिने बारा वजा पाच केलं होतं, आणि तिच्या वजाचा अर्थ दोन्ही कॉम्प्युटर 'हुकूम इथे संपला' असा घेत होते आणि पुढचं अडीच नवा, अनोळखी हुकूम समजत होते. टाइप केलेली ओळ सवयीने तिने कधी पडद्यावर वाचलीच नव्हती; प्रोग्राम बिचारा पहिल्या दिवसापासून बरोबर होता. ज्या बोटांवर घर चाललं, त्यांचाच तिला असा संताप आला की रडू फुटलं.

सोमवारी जबलपूरहून आलेल्या परीक्षकांपुढे तिने डावा हात मांडीखाली दाबला आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने, कळ शोधत शोधत, साडेबारा वजा अडीच मारलं. दहा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही दहा.

"मैडम, प्रोग्राम तो बढ़िया है," परीक्षक पेन काढत म्हणाले. "बस, थोड़ी टाइपिंग सीख लीजिए."

संघमित्राच्या कानशिलाच्या शिरा तट्ट फुगल्या. पण निकालावर सही अजून व्हायची होती.

"जी सर," ती म्हणाली.