त्रिशलाक्कांची शर्यत

हातकणंगल्यात स्टेशनच्या रस्त्याला त्रिशलाक्कांची पिठाची गिरणी आहे. बावीस वर्षं एकाच जागी उभं राहून दळणारी बाई. वय सत्तेचाळीस, वजन चौऱ्याऐंशी किलो, आणि आवाज असा की गिरणी चालू असतानाही पलीकडच्या दुकानात ऐकू जावा.

जूनमध्ये कुणीतरी गिरणीच्या भिंतीवर पोस्टर चिकटवून गेलं. ऑगस्टात राधानगरीच्या डोंगरात एकवीस किलोमीटरची शर्यत, सगळी चिखलातली. दळण घेऊन आलेल्या सयाजी मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं.

"अक्का, तुमी पळा की! चिखलच भिईल तुमाला."

रांगेतली सगळी माणसं हसली. सवयीनं अक्काही हसल्या. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी गिरणी बंद केली, पिठाचे हात झटकले आणि तिथंच फोनवर फॉर्म भरला.

"मास्तर, तारीख परत वाचा," त्या म्हणाल्या. "न्हाय म्हंजे, चुकाय नको."

नवरा सम्मेद आधी कपाळाला हात लावून बसला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तोच सायकल घेऊन त्यांच्या मागं उसाच्या शिवारात हजर. पहिल्या दिवशी अक्कांना तिसऱ्या विजेच्या खांबाशीच धाप लागली. जुलै सरेपर्यंत त्या दहा किलोमीटर पळायला लागल्या.

शर्यतीदिवशी पाऊस कोसळत होता. तीनशे माणसं सुटली आणि पाव तासात अक्का एकट्या मागं पडल्या. सोबतीला फक्त निशिगंधा. संयोजकांनी नेमलेली ही कॉलेजची पोर, शेवटच्या माणसाच्या मागून यायचं एवढंच तिचं काम. वाटेतल्या टेबलावर मीठ लावलेले उकडलेले बटाटे होते. अक्कांचं घर जैन; तिथं बटाटा चालत नाही, की दिवस मावळल्यावरचं जेवण. त्यांनी कमरेच्या पिशवीतला गूळ-शेंगदाणा काढला, निम्मा निशिगंधाला दिला. भाताच्या बांधावर बूट चिखलानं ओढून घेतला. अक्कांनी कोपरापर्यंत हात घालून तो उपसला, पाणी ओतलं आणि पुन्हा चढवला.

चौदाव्या किलोमीटरला जीप उभी होती. संयोजक विजयसिंह छत्री धरून पुढं आला.

"अक्का, इथं साडेतीन तासांची मुदत हुती. दहा मिंटं जास्त झाली. बसा गाडीत."

"न्हाय बसत."

"नियम हाय."

"नियम तुमचा, पाय माझं."

विजयसिंहानं त्यांच्या छातीवरचा नंबर मागून घेतला. "आता तुमी शर्यतीत न्हाय."

"मग मला थांबवायचा हक्क बी ऱ्हायला न्हाय तुमचा. डोंगर काय तुमच्या नावावर हाय?"

त्यानं निशिगंधाला गाडीत बसायची खूण केली. ती जागची हलली नाही. "सर, शेवटचं माणूस पोचल्याशिवाय मी बसायचं न्हाय, असं तुमीच सांगितलंय की."

दोघी निघाल्या. पुढचा चढ वाईट होता. पोटऱ्यांत गोळे आले, आणि एका दगडाला टेकून अक्का रडल्या. राग विजयसिंहाचा नव्हता. आपल्या जाडीवरच्या विनोदांना इतकी वर्षं आपणच दाद देत आलो, हे आठवून त्यांना रडू आलं होतं. अक्कांनी नाक पुसलं आणि पुढं निघाल्या.

त्या पोचल्या तेव्हा शेवटची कमान उतरवून झाली होती. खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. कमानीच्या जागी सम्मेद एकटाच भिजत उभा होता. त्यानं टाळ्या वाजवल्या. त्याच्यापाशी न थांबता अक्का थेट विजयसिंहाकडं गेल्या.

"वेळ लिवा माझी."

"मशीन बंद केलंय अक्का. पदक न्हाय मिळायचं."

"पदक मागितलंय कुणी? पेन हाय न्हवं?"

विजयसिंहानं त्यांच्याकडं बघितलं, मग यादी काढली. सगळ्यांच्या खाली नाव लिहिलं, पुढं पाच तास अडतीस मिनिटं. पेन थांबवून म्हणाला, "मुदतीनंतर, असं लिवायला लागंल."

"लिवा की. खरंच हाय ते."

त्यांनी त्या ओल्या कागदाचा फोटो काढून घेतला. मोटारसायकलवर बसायला पाय उचलेना, तेव्हा सम्मेद आणि निशिगंधानं दोन्हीकडून धरून त्यांना बसवलं.

"चला," अक्का म्हणाल्या, "दिवस मावळायच्या आत दोनदा जेवायचं हाय मला."